वाचकांचे प्रश्न : नाताळच्या सुट्टीत डिस्ने वर्ल्ड, बरोबर आजी-आजोबा

नाताळच्या सुट्टीत फ्लोरिडातील ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्ड पाहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची पत्रे दिवाळी संपली की येऊ लागतात. गेली काही वर्षे या पत्रांत एक बदल जाणवतो. पूर्वी प्रश्न मुलांविषयी असत, आता निम्म्याहून अधिक पत्रांत भारतातून आलेल्या आई-वडिलांचा किंवा सासू-सासऱ्यांचा उल्लेख असतो. म्हणून या वेळी त्यांतल्याच काही पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. सासूबाई ६८ वर्षांच्या आणि सासरे ७३ वर्षांचे असून दोघे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. मुले ९ आणि ४ वर्षांची आहेत. आमची रजा आणि मुलांची सुट्टी एकत्र जुळते ती फक्त नाताळ ते नववर्ष याच आठवड्यात. त्यामुळे २७ ते ३० डिसेंबर असे चार दिवस ठरवून विमानाची तिकिटेही काढली. आता जो तो सांगतो, की या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते, जाऊ नका. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्या म्हणतात, "आमची काळजी करू नका, आम्ही पंढरपूरच्या दर्शनबारीत रात्र काढलेली माणसे आहोत." काय करावे?

उत्तर : जाऊ नका म्हणणाऱ्यांचे काही चुकलेले नाही. नाताळ ते एक जानेवारी हा डिस्ने वर्ल्डमधला वर्षातील सर्वांत गर्दीचा आठवडा असतो, एका दिवसाचे तिकीटही याच दिवसांत सर्वांत महाग असते आणि तिथल्या चार उद्यानांपैकी मॅजिक किंगडममधल्या मोठ्या राइडसमोर तासाभराची रांग ही साधी गोष्ट ठरते. दुपारी काही ठिकाणी ती दोन तासांवर जाते. तरीही तीन पिढ्या एकत्र आहेत, तिकिटे हातात आहेत, आणि पुढच्या वर्षी सासूबाईंचे गुडघे आजच्याहून बरे असतील असे कोणी सांगू शकत नाही. तेव्हा जरूर जा. मात्र सगळे पाहून यायचे हा हट्ट न्यू जर्सीतच सोडून जा.

हिशेब मांडून पाहा. सकाळी नऊला आत गेलात आणि रात्री नऊला बाहेर पडलात, तर हाती बारा तास येतात. खाणे, स्वच्छतागृह, इकडून तिकडे चालणे आणि मिरवणूक यांत चार तास सहज जातात. उरलेल्या आठ तासांत प्रत्येक राइडमागे सव्वा तास धरला, तर सहा राइड होतात, आणि त्या सहा राइडसाठी घरातले प्रत्येक माणूस सात तासांच्या वर उभे राहिलेले असते. नऊ वर्षांच्या मुलाला ते जमते. तुमच्या सासूबाईंना ते जमणार नाही, आणि मुख्य म्हणजे त्या ते बोलून दाखवणार नाहीत.

हे मी अनुभवाने लिहिते. माझी आई कोल्हापूरहून आली होती, तेव्हा आम्ही तिला दर तासाला विचारत होतो, "दमलीस का?" आणि ती प्रत्येक वेळी "छे, मजेत आहे" असे म्हणत होती. रात्री हॉटेलवर तिने बूट काढले, तेव्हा घोट्यांवर मोज्यांच्या काठाचे खोल वळ उमटले होते आणि पावले इतकी सुजली होती, की दुसऱ्या दिवशी तिला चपलाही घालता आल्या नाहीत. नातवाच्या आनंदात आपल्यामुळे खंड पडू नये, एवढीच तिची इच्छा होती. त्या दिवसापासून मी घरातल्या वडीलधाऱ्यांना दमलात का असे विचारणे बंद केले आणि बसण्याच्या वेळा आधीच ठरवून ठेवू लागले.

सासूबाईंनी दिलेला दर्शनबारीचा दाखला मला मनापासून आवडला, पण दोन्ही रांगांत एक मोठा फरक आहे. दर्शनबारी थांबली, की माणूस जिथल्या तिथे टेकतो, भजन धरतो, शेजारच्या बाईकडून पाणी घेतो. इथली रांग मात्र दर मिनिटाला पाच-सहा पावले सरकत राहते, त्यामुळे धड बसता येत नाही आणि चालल्याने पाय मोकळेही होत नाहीत. दुखऱ्या गुडघ्यांना मैलभर चालण्यापेक्षा असे रेंगाळत उभे राहणेच जास्त जाचते. म्हणून व्हीलचेअर घ्यावी लागली, तर त्यात कमीपणा मानू नये, असे सासूबाईंना घरीच, निवांत वेळी आणि शक्य तर त्यांच्या मुलाने समजावून सांगावे. व्हीलचेअर प्रवेशद्वाराजवळ भाड्याने मिळते. विजेवर चालणाऱ्या गाड्या मात्र गर्दीच्या दिवशी सकाळीच संपतात. व्हीलचेअरमुळे रांग टळते, असा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे, तो चुकीचा आहे. बहुतेक रांगा व्हीलचेअर जाईल इतक्या रुंद आहेत आणि वेळ सगळ्यांना सारखाच लागतो. रांगेबाहेर थांबण्याची जी वेगळी सवलत आहे, ती २०२४ पासून प्रामुख्याने स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे, गुडघेदुखीसाठी नाही.

आता प्रत्यक्ष दिवसाविषयी. मॅजिक किंगडमला गाडीने गेलात, तर गाडी उद्यानाच्या दारात उभी करता येत नाही, ही गोष्ट पुष्कळांना तिथे गेल्यावरच कळते. वाहनतळ तलावाच्या अलीकडच्या काठावर आहे आणि तिथून मोनोरेलने किंवा फेरीबोटीने पलीकडे जावे लागते. गाडी लावल्यापासून प्रत्यक्ष आत पाऊल पडेपर्यंत गर्दीच्या दिवशी पाऊण ते एक तास धरावा. उद्यान उघडण्याची वेळ नऊची असेल, तर आठला वाहनतळावर असावे. पहिल्या दीड-दोन तासांत जे पदरात पडते, ते नंतर दुपारी चार तास खर्चूनही पडत नाही, म्हणून मोठ्या मुलाची सर्वांत आवडती राइड त्याच वेळी उरकावी. डिस्नेच्या हॉटेलांत उतरलेल्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात. गर्दीच्या आठवड्यात तो अर्धा तास मोलाचा असतो.

साडेअकराच्या सुमारास, म्हणजे इतर लोक जेवणाच्या रांगेत उभे राहण्याआधी, जेवून घ्यावे. त्यानंतर दोन वाटा आहेत. हॉटेल जवळ असेल, तर सरळ बाहेर पडावे, चार वर्षांच्या मुलाला आणि आजी-आजोबांना दोन तास झोपू द्यावे आणि दिवेलागणीला परत यावे. त्याच दिवसाच्या तिकिटावर पुन्हा आत जाता येते. हॉटेल दूर असेल, तर या जाण्यायेण्यातच जीव जातो, तेव्हा आत राहून बसण्याच्या जागा गाठाव्यात. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस ही त्यांतली माझी सर्वांत आवडती जागा. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी तयार झालेल्या या प्रयोगात प्रेक्षकांची आसनेच रंगमंचाभोवती फिरतात आणि एका कुटुंबाच्या घरात वीज, रेडिओ, यंत्रे कशी येत गेली ते वीस-एक मिनिटांत दिसते. शेवटचा प्रवेश नाताळच्या दिवसाचा आहे आणि त्यात संगणकाच्या खेळात आजी सर्वांना मागे टाकते. माझ्या आईने टाळ्या वाजवल्या त्या नेमक्या तिथे. पीपलमूव्हर ही उंचावरून शांतपणे फिरवणारी गाडीही चांगली आहे, पण तिच्यात चढताना सरकत्या पट्ट्यावर पाऊल टाकावे लागते, म्हणून सासूबाईंचा हात कोणीतरी धरावा.

उद्यानाभोवती फिरणाऱ्या आगगाडीचीही सासऱ्यांना ओळख करून द्यावी. तिची चारही वाफेची इंजिने खरीखुरी आहेत. १९१६ ते १९२८ या काळात ती अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यात बनली, मेक्सिकोतल्या युकातान प्रांतात अनेक वर्षे राबली आणि १९६९ मध्ये तिथून विकत घेऊन दुरुस्त केली गेली. उद्यान उघडले ते १९७१ च्या १ ऑक्टोबरला, म्हणजे इंजिने उद्यानापेक्षा सुमारे निम्म्या शतकाने मोठी आहेत. गाडी कधीकधी डागडुजीसाठी बंद असते, तेव्हा ती सुरू आहे का ते सकाळी डिस्नेच्या ॲपवर पाहून घ्यावे.

चार दिवसांत चारही उद्याने करू नका. मॅजिक किंगडमला एक दिवस द्या, दुसरा दिवस ॲनिमल किंगडमला आणि तिसरा एपकॉटला, आणि मधला एक दिवस मोकळा ठेवा. ॲनिमल किंगडममध्ये उघड्या ट्रकमधून सफारी आहे आणि महाराजा जंगल ट्रेक नावाच्या वाटेवर, आपल्याकडच्या जुन्या राजवाड्यासारख्या पडक्या भिंतींमागे, वाघ हिंडताना दिसतात. एपकॉटमध्ये तलावाभोवती ११ देशांची दालने आहेत, रस्ते रुंद आहेत आणि डिसेंबरात रोज सायंकाळी मोठे गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्या साथीने येशूजन्माची कथा वाचली जाते. हा कार्यक्रम बसून पाहता येतो आणि ज्यांना कीर्तनाची गोडी आहे अशा माणसांना तो फार भावतो.

प्रश्न : सासूबाई शाकाहारी आहेत, अंडेही चालत नाही, आणि बाहेरच्या कढईत काय तळले असेल या शंकेने त्या काही खातच नाहीत. घरचे डबे आत नेऊ देतात का? *(एडिसन)*

उत्तर : नेऊ देतात, आणि जरूर न्यावेत. काचेच्या बाटल्या, मद्य आणि सुटा बर्फ चालत नाही. एरवी खाण्याचे पदार्थ तपासणीच्या टेबलावर उघडून दाखवले, की कोणी अडवत नाही. ओल्या भाजीच्या भानगडीत न पडता दुधात भिजवलेल्या दशम्या, तिळाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट, चिवडा आणि दोन-तीन केळी न्यावीत. दशमी दिवसभर मऊ राहते आणि ती खाण्यासाठी टेबल मिळवण्याच्या धडपडीत पडावे लागत नाही, ही गर्दीच्या दिवशी मोठी सोय असते. एकादशी आलीच, तर राजगिऱ्याचे लाडू आणि भाजलेले शेंगदाणे बरे. पाणी विकत घेऊ नये. झटपट खाण्याच्या बहुतेक दुकानांत थंड पाण्याचा पेला मागितला, की फुकट मिळतो.

एक जेवण मात्र बाहेर करावे. ॲनिमल किंगडम लॉजमध्ये सना नावाचे उपाहारगृह आहे. तिथे भारतीय आणि आफ्रिकी चवींचा मेळ घातलेला असून नान आणि त्याबरोबर नऊ प्रकारच्या चटण्या व लोणची यांचे ताट प्रसिद्ध आहे. जागा ६० दिवस आधी राखता येते आणि नाताळात ती लवकर भरते. टेबलावर बसताच अंडे, मांस आणि मासे वर्ज्य असल्याचे स्पष्ट सांगावे. कढईविषयीची शंकाही तिथे सरळ विचारण्यात काही गैर नाही. खिडक्यांबाहेर जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. ते दिसण्याइतका उजेड असावा, म्हणून दुपारची वेळ घ्यावी.

प्रश्न : तिथे पैसे भरून वेगळ्या रांगेने पुढे जाता येते, असे ऐकले. माझी पत्नी म्हणते घेऊ या. मला मात्र दोन तास उभ्या असलेल्या लोकांच्या शेजारून पैशाच्या जोरावर पुढे जाणे मुलांसमोर बरे वाटत नाही. *(डॅलस)*

उत्तर : तुमची अस्वस्थता रास्त आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. आधी ही व्यवस्था काय आहे ते पाहू. १९९९ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा तिचे नाव फास्टपास होते आणि ती सर्वांना विनामूल्य होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या जागी सशुल्क सेवा आली आणि जुलै २०२४ पासून ती लाइटनिंग लेन या नावाने आजच्या स्वरूपात चालते. डिस्नेच्या हॉटेलांत उतरलेले लोक सात दिवस आधी आणि इतर लोक तीन दिवस आधी, सकाळी सात वाजता, तीन राइडच्या वेळा राखतात. त्यांतली एक वापरली, की पुढची घेता येते. एखाद-दोन अतिशय लोकप्रिय राइडसाठी वेगळे पैसे पडतात. नाताळात दर वर्षातील वरच्या टोकाला असतात आणि सहा जणांचे मिळून ती रक्कम मोठी होते.

आता तुमच्या मुद्द्याकडे येते. राइडच्या गाडीत जागा ठरलेल्या असतात, तासाला किती माणसे बसणार तेही ठरलेले असते. दोन्ही रांगा शेवटी एका वळणावर मिळतात आणि तिथे उभा असलेला कर्मचारी जलद रांगेतली बरीच माणसे सोडून मग साध्या रांगेतली थोडी सोडतो. म्हणजे जलद रांगेने वेळ निर्माण होत नाही. एकाचा जेवढा वेळ वाचतो, तेवढे दुसऱ्याला जास्त थांबावे लागते. तिरुपतीला ३०० रुपयांचे विशेष दर्शन घेतलेल्यांना हे नवे नाही. तिथेही धर्मदर्शनाच्या रांगेतून कोणीतरी आपल्याकडे पाहत असतेच.

मी स्वतः या सेवेला सरसकट नाकारत नाही. ज्यांची सुट्टी आठ दिवसांची आणि आई-वडिलांचे पाय ७० वर्षांचे आहेत, त्यांनी ती घेतली, तर मला त्यात पाप दिसत नाही. पण एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, ती अशी, की ही सेवा घरातल्या सर्वांसाठी घ्यावी लागत नाही. ज्या राइडवर आजी-आजोबा बसणारच नाहीत, तिच्यासाठी त्यांचे पैसे भरण्याची गरज नाही. मोठे मूल आणि एक पालक एवढ्यांसाठीच घेतली, तर खर्च निम्म्याहून कमी होतो आणि ते दोघे वीस मिनिटांत परतल्यामुळे उरलेल्यांना बाकावर ताटकळावे लागत नाही. मुलांना मात्र खरे ते सांगावे. आपण हे पैसे भरून घेतले आहे, आपण पुढे गेल्यामुळे त्या रांगेतल्या मुलांना थोडे अधिक थांबावे लागणार आहे, म्हणून त्यांच्या शेजारून जाताना ओरडायचे नाही आणि हिणवायचे नाही. नऊ वर्षांच्या मुलाला हे नीट कळते. तुम्हाला ते बोलणे जड जात असेल, तर सेवा घेऊ नका, सकाळी लवकर जा आणि चार राइडवर समाधान माना. तोही चांगला दिवस असतो.

प्रश्न : धाकटी मुलगी चार वर्षांची आहे. तिला राइडवर घेतील का? आणि एवढ्या गर्दीत ती हरवली तर? *(थोरल्या मुलीलाही बरोबर नेणारी एक आई, शिकागो)*

उत्तर : वय पाहत नाहीत, उंची पाहतात. टियानाज बायू ॲडव्हेंचरसाठी ४० इंच म्हणजे सुमारे १०२ सेंटिमीटर, स्पेस माउंटनसाठी ४४ इंच म्हणजे ११२ सेंटिमीटर आणि ट्रॉनसाठी ४८ इंच म्हणजे १२२ सेंटिमीटर उंची लागते. सात बुटक्यांची खाणगाडी, म्हणजे सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन, तिला ३८ इंच म्हणजे ९७ सेंटिमीटर पुरतात. उंची बुटांसह मोजतात, म्हणून घरीच दारापाशी बूट घालून मोजावी. प्रवेशाशी असलेल्या मोजपट्टीखाली तिचे डोके गेले, तर तिथे कितीही रडारड झाली तरी उपयोग होत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण सुरक्षेची दांडी तेवढ्याच उंचीच्या अंगावर नीट बसते. लहान मुलीमुळे थोरलीचा हिरमोड होऊ नये, यासाठी रायडर स्विच नावाची सोय आहे. दोन पालकांपैकी एक धाकटीजवळ थांबतो आणि पहिला परतला, की दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता आत सोडतात; बहुतेकदा थोरलीलाही त्याच्याबरोबर दुसरी फेरी मिळते. प्रवेशाशीच सांगितले, तर ही सोय विनामूल्य मिळते.

हरवण्याच्या भीतीविषयी. सकाळी निघताना मुलीचा त्या दिवसाच्या कपड्यांतला उभा फोटो काढावा. घाबरलेल्या आईला फ्रॉकचा रंग आठवत नाही. तिच्या मनगटावर आतल्या बाजूला बॉलपेनने फोन क्रमांक लिहावा. तिला तुमचे खरे नाव पाठ असावे, कारण मुलांना आपल्या आईचे नाव "आई" एवढेच ठाऊक असते. पांढऱ्या पाटीवर नाव असलेली माणसे तिथली कामगार आहेत, हरवलीस तर चालत सुटायचे नाही, अशा माणसाला जाऊन सांगायचे, एवढे तिला सांगून ठेवावे. मॅजिक किंगडममध्ये हरवलेल्या मुलांना बेबी केअर सेंटरमध्ये नेतात. ते प्रवेशद्वारापासून निघणारा मेन स्ट्रीट हा रस्ता संपतो तिथे, क्रिस्टल पॅलेस उपाहारगृहाच्या शेजारी, प्रथमोपचार केंद्राला लागून आहे. आत शिरताच पहिल्या पाच मिनिटांत ती जागा घरातल्या सगळ्यांना, आजोबांनाही, प्रत्यक्ष दाखवावी.

प्रश्न : नववर्षाची आतषबाजी ३१ तारखेला पाहावी, की गर्दीमुळे टाळावी? *(पुण्याहून भावाकडे अटलांटाला आलेले वाचक)*

उत्तर : ३१ टाळा. मॅजिक किंगडममध्ये नववर्षाची आतषबाजी ३० तारखेच्या रात्रीही होते, आणि तिथे आकाश तितकेच उजळते. न्यू जर्सीच्या वाचकांच्याही ते पथ्यावर पडेल. दुपारच्या मिरवणुकीच्या वेळी ज्यांना रस्त्याच्या काठावर बसायचे असेल त्यांनी तासभर आधी जागा धरावी; मात्र दोरी लागली, की रस्ता ओलांडता येत नाही, म्हणून स्वच्छतागृहाला आधीच जाऊन यावे. डिसेंबरात ऑर्लँडोला दुपारी २२-२३ अंश असतात आणि रात्री दहा-अकरा अंशांपर्यंत उतरतात. दुपारी नकोसे झालेले स्वेटर गाडीतच ठेवून येण्याची चूक करू नये. आतषबाजी संपताच सगळा लोंढा मोनोरेलकडे धावतो, त्यात आजी-आजोबांना घेऊन शिरू नका. मेन स्ट्रीटवरच्या एखाद्या बाकावर, शाल पांघरून, अर्धा-पाऊण तास बसा, दुकानांतल्या दिव्यांच्या माळा पाहा आणि मग फेरीबोटीने निघा. बोटीवर चढायला पायऱ्या नाहीत, उतार आहे.